जाळं भिंतीवर टांगण्याआधी

एखादी वस्तू संग्रहालयात केव्हा जाते? ती मौल्यवान वाटायला लागली की, असं आपण सहज सांगू. पण आजीच्या घरातलं जातं आठवा. रोज पहाटे त्यावर दळण पडत होतं तोवर त्याला कुणी मौल्यवान म्हटलं नाही. गावात पिठाची गिरणी आली, जातं मागच्या अंगणात उलटं पडलं, आणि मग कधीतरी कुणाच्या तरी रिसॉर्टच्या दारात त्याला रंग लावून ठेवलं गेलं. आधी उपयोग संपला, किंमत नंतर आली. मराठीत याला नेमकी म्हण आहे: मेलेल्या म्हशीला मणभर दूध.

जात्याच्या बाबतीत हे चालून जातं. दगडाला काही वाटत नाही, आणि जात्यापुढची बाई सुटली याचा आनंदच आहे. पण एका अख्ख्या समाजाच्या जगण्याच्या बाबतीत हेच घडलं तर? आधी ते जगणं बंद करायचं, मग त्याचं सुंदर संग्रहालय उभारायचं, आणि तिकीट काढून आत जायचं. हे त्या लोकांचा मान राखणं झालं, की त्यांच्या पाठीमागे उरकलेला तेराव्याचा विधी?

नेदरलँड्समध्ये हे अगदी शब्दशः घडलं आहे. त्या देशाच्या मधोमध झाउडरझे नावाचा खाऱ्या पाण्याचा उथळ समुद्र होता, बाहेरच्या उत्तर समुद्राला जोडलेला. त्याच्या काठावरची आणि बेटांवरची गावं शेकडो वर्षं मासेमारीवर जगत होती. १९१६ च्या जानेवारीत मोठं वादळ आलं, बांध फुटले, माणसं मेली. १९१८ साली तिथल्या संसदेनं कायदा केला की हा समुद्र बंद करायचा. २८ मे १९३२ रोजी सुमारे ३२ किलोमीटर लांबीच्या बांधाचं तोंड मिटलं. समुद्राचा तलाव झाला, काही वर्षांत पाणी गोडं झालं आणि खाऱ्या पाण्यातला हेरिंग मासा तिथून नाहीसा झाला. मासेमारांना मदत देण्यासाठी १९२५ सालीच वेगळा कायदा झाला होता. बांध पुरा व्हायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं की हे जगणं आता संपणार.

मग १९४८ साली एंकहाउझन या गावात झाउडरझे संग्रहालयाची स्थापना झाली आणि १९८३ मध्ये त्याचा उघड्यावरचा भाग सुरू झाला. काठावरच्या गावांमधली जुनी घरं, दुकानं, कारखाने उचलून तिथे आणले गेले. शंभरावर इमारती आहेत. माणसं जुने कपडे घालून फिरतात, दोर वळून दाखवतात. मासे धुरावर भाजतात, त्याचा वास गल्लीभर पसरतो. मुलांना त्या काळचे कपडे घालून फोटो काढता येतात. सगळं आहे, फक्त ज्या समुद्रामुळे ते होतं तो समुद्र नाही.

इथे रागावून 'बघा, विकासानं माणसं मारली' असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. १९१६ चा पूर खरा होता. बांधामुळे पुढच्या पिढ्यांचे जीव वाचले, शेतीला जमीन मिळाली. निर्णय घेणारे राक्षस नव्हते, म्हणूनच प्रश्न अवघड होतो. वाईट माणसानं केलेला अन्याय ओळखता येतो. चांगल्या हेतूनं, बहुसंख्यांच्या भल्यासाठी घेतलेल्या निर्णयाची किंमत मूठभर लोकांनी भरली, तर त्या मूठभरांचं आपण काय देणं लागतो? पैसे? माफी? की संग्रहालय?

पैसे त्या मासेमाराला मिळतात, किंवा निदान मिळायला हवेत. संग्रहालय त्याला मिळत नाही. ते त्याच्या नातवंडांना आणि तुम्हाआम्हाला मिळतं. ज्यानं गमावलं त्याला ते दिलेलं नाही, म्हणून ती भरपाई नव्हे. झाली तर आपल्या मनाला लागलेल्या टोचणीवरची फुंकर होते. फुंकरही वाईट नसते, पण तिला औषध म्हणू नये.

*

'जिवंत इतिहास' दाखवणारी संग्रहालयं साध्या संग्रहालयांपेक्षा वेगळी असतात. काचेमागची वस्तू पाहण्याऐवजी तुम्ही त्या काळात शिरता, निदान तसं वाटावं अशी योजना असते. स्टॉकहोममध्ये आर्थर हाझेलियस यांनी १८९१ साली स्कान्सेन सुरू केलं, तिथून ही कल्पना जगभर गेली. देशभरातली जुनी घरं उचलून आणायची आणि त्यांत माणसं ठेवायची. पण 'माणसं ठेवणं' हे दोनच शब्द पुन्हा वाचा, म्हणजे त्यातली गोम कळेल. स्कान्सेनमध्ये सामी या आदिवासी समाजाची माणसंही राहायला आणली होती. लोक त्यांना पाहायला येत.

१८८६ साली लंडनमध्ये भरलेल्या वसाहतींच्या मोठ्या प्रदर्शनात भारतीय कारागीर बसवले होते. चौतीस जण. कुणी गालिचा विणत होतं, कुणी मडकी घडवत होतं. पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करत आलेले अस्सल कारागीर म्हणून त्यांची ओळख करून दिली जात होती. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक आग्र्याच्या तुरुंगातून आणले होते आणि कसब त्यांना तुरुंगात शिकवलं होतं. पाहणाऱ्यांना हे कळलं नाही, आणि कळून घ्यायची गरजही वाटली नसावी. त्यांना 'अस्सल भारत' पाहायचा होता, तो मिळाला.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अस्सलपणा हा दाखवणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्याच्या अपेक्षेत जास्त असतो. आपल्याला जसा कोळी हवा असतो तसा कोळी आपल्याला दाखवला जातो: कमरेला रुमाल, डोक्यावर लाल टोपी, चेहऱ्यावर हसू. त्यानं जीन्स घातली, हातात जीपीएस घेतला, मुलीला इंजिनिअरिंगला घातलं, तर आपल्याला वाटतं की हा काही 'खरा' नाही. खरं म्हणजे तोच खरा असतो.

पण माझ्या मते या संग्रहालयांची सगळ्यात मोठी उणीव कपड्यांच्या चुकांमध्ये नसते. ती खोल आहे आणि कितीही बारकाईनं काम केलं तरी भरून निघत नाही. जगण्याचा गाभा म्हणजे उद्याचं माहीत नसणं. भल्या पहाटे होडी लोटणाऱ्याला ठाऊक नसतं की जाळ्यात काय येईल, वारा फिरेल का, डिझेलचे पैसे निघतील का, बाजारात दलाल काय भाव लावेल. त्याची प्रत्येक हालचाल या न कळण्यातून आलेली असते. संग्रहालयात दोर वळणाऱ्या माणसाला मात्र संध्याकाळी पाच वाजता सुट्टी होते आणि महिन्याला पगार मिळतो. हालचाल तीच, पण तिच्यातली भीती काढून घेतली आहे. साप दाखवायचा, पण दात काढून.

आणि आपण पाहणारे? आपल्याला शेवट ठाऊक असतो. 'हे सगळं पुढे संपलं' ही पाटी मनात वाचूनच आपण आत शिरतो. त्यामुळे त्या लोकांकडे पाहताना आपल्या नजरेत आपोआप एक दया येते, जी त्यांना स्वतःबद्दल कधीच वाटली नसेल. आपण फार काळजीपूर्वक मांडलेली गोष्ट पाहत असतो, आणि ती काळजीच आपल्याला फसवते.

*

मी गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याचा. आमच्याकडून समुद्र हजारेक किलोमीटर लांब. विदर्भ एक्सप्रेसनं रात्र काढली की मुंबईत तो दिसतो. गावातला एक मित्र आणि मी एकदा कोकणात फिरायला गेलो, तेव्हा जुनं कोकण दाखवणाऱ्या एका संग्रहालयात शिरलो. गणपतीपुळ्याजवळचं 'प्राचीन कोकण', गोव्यात लोटलीचं 'बिग फूट', कोल्हापूरजवळ कणेरी मठाचं सिद्धगिरी, अशी बरीच ठिकाणं आता झाली आहेत. माणसाच्या उंचीचे पुतळे, झाडांच्या सावलीत उभी केलेली घरं, बलुतेदार, त्यांची हत्यारं. शहरातल्या मुलांना नांगर आणि माग पहिल्यांदा तिथेच दिसतो. हे काम लहान नाही.

माझा मित्र ढिवर समाजातला. त्याचे वडील तलावात मासेमारी करत, तो स्वतः गोंदियात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. जाळं घेऊन बसलेल्या एका पुतळ्यासमोर तो बराच वेळ थांबला. मला वाटलं, जाळ्याची वीण बघतोय. मग तो म्हणाला, "याले आज किती भेटलं असन?"

मी हसलो. तो हसला नाही. त्याच्या घरी संध्याकाळी वडील आले की पहिला प्रश्न हाच असायचा. जाळं कुठल्या गाठीचं, डोंगा कुठल्या लाकडाचा, हे कुणी विचारत नव्हतं. किती मिळालं, त्यातलं संस्थेला किती गेलं, घरी किती आलं. एका धंद्याबद्दलची सगळी माहिती त्या संग्रहालयात होती, फक्त त्याच्या घरातला पहिला प्रश्न तिथे नव्हता.

त्या दिवसापासून मला वाटतं की कुठल्याही जगण्याचं प्रदर्शन पाहताना हा एक प्रश्न खिशात असावा. हत्यार दाखवलंय, पण हिशेब दाखवलाय का? कारण हत्यारात सौंदर्य असतं, आणि हिशेबात अन्याय असतो. आपण सौंदर्य ठेवून घेतो आणि हिशेब गाळतो.

मालवणकडची रापण घ्या. किनाऱ्यापासून समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर काठावरून पन्नासेक माणसांनी ओढायचे. दिसायला फार देखणं. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला असेल तुम्ही. आता पर्यटकही हौसेनं दोराला हात लावतात. पण रापणीचं खरं सौंदर्य दोर ओढण्यात नाही, नंतरच्या वाटणीत आहे. जाळ्याचा वाटा किती, ओढणाऱ्याचा किती, हे ठरलेलं असतं आणि दोराला हात लावणारा रिकाम्या हातानं परत जात नाही. ही शतकानुशतकं वाळूवर चाललेली अर्थव्यवस्था आहे. यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळचा मासा उपसू लागल्या तेव्हा गोव्यात सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर उतरले. आपल्याकडे पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध यायला २०१६ साल उजाडलं. यातलं पर्यटकाच्या व्हिडिओत काय येतं? फक्त दोर.

*

जिवंत माणसाला 'वारसा' म्हणण्यात एक धोका आहे. वारसा मेलेल्याकडून मिळतो. तुम्ही कुणाला वारसा म्हटलंत की नकळत त्याला भूतकाळात ढकललंत. मग त्याच्या आजच्या मागण्या आपल्याला विसंगत वाटू लागतात. 'मुंबईचे मूळ रहिवासी' असं म्हणून कोळ्यांचा गौरव सगळेच करतात. आणि वरळी कोळीवाड्यातले मासेमार सागरी किनारा रस्त्याच्या पुलाखालून आपल्या होड्या सुखरूप जाव्यात म्हणून खांबांमधलं अंतर वाढवून मागत होते, तेव्हा त्यांना किती काळ भांडावं लागलं? आधी ६० मीटर ठरलेलं अंतर २०२२ च्या अखेरीस १२० मीटर करायचं ठरलं. गौरवाला एक भाषण पुरतं. मीटर वाढवायला आंदोलन लागतं.

२०२३ साली महाराष्ट्रानं पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. चांगलंच झालं. पण ही घोषणा व्हावी म्हणून मासेमार संघटनांनी पाठपुरावा केला, तो पापलेट कमी होत चालला होता आणि पूर्ण वाढ व्हायच्या आधीच पकडला जात होता म्हणून. सन्मान आणि संकट हातात हात घालून आले. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. त्या किनाऱ्यावरचे मासेमार वर्षानुवर्षं विरोध करत आले आहेत. देशाला मोठं बंदर हवं असण्याचीही कारणं आहेत. पण शंभर वर्षांनी तिथे एखादं देखणं संग्रहालय उभं राहील, डहाणूच्या होड्या, जाळी, सुक्या बोंबलाची वलांड, आणि लोक कौतुकानं म्हणतील 'किती समृद्ध जीवन होतं', ही कल्पना करून पाहा. झाउडरझेची गोष्ट परदेशातली वाटत नाही मग.

आमच्या भागातली आणखी एक गंमत सांगतो. गोंदिया जिल्ह्यातल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात कोळीनृत्य हमखास असतं. मुली टोपल्या घेतात, मुलं वल्ही मारतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी समुद्र पाहिलेला नसतो. आणि त्याच वर्गात ज्यांच्या घरी खरोखर मासे पकडले जातात अशी ढिवरांची मुलं असतात. त्यांच्या घरातलं गाणं, त्यांचा डोंगा, त्यांचा शिंगाडा, हे कधी मंचावर येत नाही. हजार किलोमीटरवरचा मासेमार आपल्याला रंगीत दिसतो आणि घरामागच्या तलावातला दिसत नाही. जवळच्या जगण्याला आपण 'संस्कृती' म्हणायला फार उशीर लावतो, कारण तसं म्हटलं की त्याचं देणं लागतं.

*

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी, नाहीतर हे लिखाण संग्रहालयांवर चिखलफेक होऊन बसेल.

अमेरिकेतल्या मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयात 'चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन' नावाचं लाकडी जहाज आहे. १८४१ साली बांधलेलं, देवमासे मारण्यासाठी. ऐंशी वर्षांत त्यानं ३७ सफरी केल्या. देवमाशांच्या तेलावर तेव्हा दिवे जळत. संग्रहालयानं या जहाजाची पाच वर्षं दुरुस्ती केली आणि २०१४ साली ते पुन्हा समुद्रात नेलं. अशी दुरुस्ती करायची म्हणजे लाकडी जहाज बांधण्याचं विसरत चाललेलं कसब हातात असलेली माणसं लागतात, आणि ती घडवावी लागतात. त्या अडतिसाव्या सफरीत जहाज देवमासे असलेल्या पाण्यात गेलं, आणि यावेळी त्यांना फक्त पाहून परत आलं. एकेकाळच्या कत्तलीचं हत्यार नव्या हेतूनं त्याच पाण्यात गेलं. हे नुसतं स्मरण नव्हतं. त्यात भूतकाळाशी वाद घातलेला होता. संग्रहालय हे करू शकतं.

आणि दुसरा, त्याहून महत्त्वाचा मुद्दा. 'हे जगणं टिकलं पाहिजे' असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणी जगायचं? माझ्या मित्राला मोबाइल दुरुस्तीचं दुकान हवं होतं. थंडीच्या पहाटे छातीभर पाण्यात उतरणं त्याला नको होतं. कोळीवाड्यातल्या मुलीला मासळी बाजारात न बसता बँकेत काम करायचं असेल, तर तिच्या आईच्या टोपलीबद्दल आपल्याला वाटणारी हुरहुर तिच्या वाटेत येता कामा नये. आपल्या समाजात तर हे फार जपून बोलावं लागतं. बापाचा धंदा मुलानं करावा हा नियम इथे जातीनं शेकडो वर्षं लादला. त्या बेडीलाच 'परंपरा' म्हणून फुलं वाहणं, हा संग्रहालयाचाच दुसरा अवतार झाला. फरक एवढाच की इथे पुतळ्याच्या जागी जिवंत माणूस उभा असतो.

म्हणजे दोन्हीकडून चूक होऊ शकते. एखाद्याचं जगणं त्याला न विचारता संपवणं हा अन्याय, आणि ते त्याला न विचारता टिकवून ठेवणं हाही अन्यायच. दोन्हींत समान काय आहे? न विचारणं. मला वाटतं नैतिक प्रश्नाची गाठ इथे आहे. 'जपावं की जाऊ द्यावं' हा प्रश्न बाहेरच्यानं सोडवायचाच नाही. बाहेरच्याचं काम एवढंच, की ज्याचं जगणं आहे त्याला दोन्ही पर्याय खरोखर उघडे असावेत. मासेमारी सोडायची तर शिक्षण आणि भांडवल हाताशी हवं. करायची तर पाण्यात मासा हवा. यातलं एकही नसताना 'त्यांनीच धंदा सोडला' म्हणणं ही लबाडी आहे.

झाउडरझेमध्ये उर्क नावाचं बेट होतं. बांधानंतर आजूबाजूचं पाणी आटवलं गेलं आणि बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं. त्या गावातल्या घरांची गल्ली आज संग्रहालयात आहे. पण उर्कच्या लोकांनी मासेमारी सोडली नाही. ते आपल्या बोटी घेऊन बाहेर, उत्तर समुद्रात गेले, आणि आजही ते देशातलं मोठं मासेमार गाव आहे. ज्यांची घरं संग्रहालयात ठेवली ते अजून कामावर आहेत. म्हणून मला वाटतं, कुणालाही 'शेवटचा' म्हणण्याची घाई करू नये. 'शेवटचा मासेमार', 'शेवटचा कारागीर' असे मथळे आपल्याला आवडतात, कारण शेवटच्या माणसाचं काही करावं लागत नाही, फक्त हळहळायचं असतं.

मग चांगलं संग्रहालय कोणतं? माझी कसोटी साधी आहे. ज्याला दाखवलं आहे त्याला उलट बोलता येतं का? ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात पराग तांडेल आणि कादंबरी कोळी या कलावंतांनी 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' उभा केला आहे. आपल्याच समाजाच्या वस्तू, आठवणी, खाणं, शब्द ते स्वतः गोळा करतात आणि स्वतःच मांडतात. तिथे दाखवणारा आणि दाखवला जाणारा वेगळा नाही. पाहुणा चुकीचं बोलला तर त्याला तिथल्या तिथे टोकता येतं. पुतळा टोकत नाही, म्हणूनच पुतळ्यासमोर आपण इतके निवांत असतो.

*

हे सगळं कामठ्यात बसून का लिहावं? कारण पुढची पाळी आमची आहे.

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं इथे तलाव बांधले. नवेगाव बांधचा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पाळ कोहळ्यांनी बांधली, धान कुणब्या-पोवारांनी पिकवलं, आणि पाण्याच्या आतलं जग ढिवरांना ठाऊक होतं. कुठला मासा कुठल्या वनस्पतीत अंडी घालतो, मरळ कुठे दबा धरते, मागूर चिखलात कशी तग धरते. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं. आमच्या कामठ्याचं नाव जुन्या गॅझेटियरमध्ये सापडतं ते जमीनदारीमुळे, आणि १८१८ साली इंग्रजांविरुद्ध उठलेल्या चिमना पटेलांमुळे. तलावात उतरणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

१९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. जायलाच हवी होती, कुळांना न्याय मिळाला. पण तलावही सरकारकडे गेले, आणि पाळ कुणी दुरुस्त करायची, गाळ कुणी काढायचा, ही जुनी व्यवस्था मोडली. पुन्हा तेच: योग्य निर्णय, आणि त्याची कुणाच्या लक्षात न आलेली किंमत. तलाव गाळानं भरले, काठावर बेशरमची झुडपं माजली. उत्पन्न वाढावं म्हणून रोहू, कतला, मृगळाचं बीज सोडलं गेलं आणि गावठी मासे मागे पडले. ढिवरांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्यानं घेतात, आणि ठेक्याच्या पैशांचा आकडा कुठल्या माशाला राहू द्यायचं ते ठरवतो.

पण गोष्ट इथे संपलेली नाही. अलीकडच्या वर्षांत या दोन जिल्ह्यांतल्या काही मच्छीमार संस्थांनी आणि ढिवर बायकांनी बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघडा पडलेला तलावाचा तळ नांगरला, आणि माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कुठली वनस्पती कुठे लावायची हे ठरवायला त्यांना जुन्या जाणत्यांनाच विचारावं लागलं. गावठी मासे परत येऊ लागले, पक्षीही आले. ते ज्ञान काचेमागे ठेवलं असतं तर आपण त्याच्यापुढे मान तुकवून पुढे गेलो असतो. ते चिखलात उतरवलं म्हणून त्यातून मासा निघाला. जपणं या शब्दाचा मला कळलेला अर्थ एवढाच आहे.

संग्रहालयात जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा. मुलांना घेऊन जा, फोटो काढा. पण बाहेर पडल्यावर घरापासून दहा किलोमीटरच्या आत कुणाचं जगणं आज चालू आहे ते शोधा. आठवडी बाजारात गोणपाटावर मासे मांडून बसलेली बाई असेल. ती इतिहास नाही, म्हणून तिच्यासाठी तिकीट नाही आणि माहितीफलकही नाही. तिला विचारा हा मासा कुठल्या तलावातला, यंदा पाणी किती होतं, ठेका कितीला गेला. ती उत्तर देईल, कदाचित उलट तुम्हालाच विचारेल की इतक्या चौकशा कशाला. आणि मग तिनं सांगितलेल्या भावात घासाघीस करण्याआधी क्षणभर थांबा. उद्या तिचं जाळं भिंतीवर टांगलं जाईल की पाण्यात पडेल, हे त्या वीस रुपयांतही थोडंफार ठरत असतं.